प्लेटच्या पाठीवरचं कुंकू

मला झेंडूचा वास आता सोसत नाही. असं म्हटलं की सोसायटीतली माणसं माझ्याकडे विचित्र नजरेनं बघतात, कारण नवरात्र लागलं की मोशीच्या चौकात झेंडूचे टेम्पो रांगेनं उभे राहतात आणि ज्याला त्याला तो वास म्हणजे सण वाटतो. वाटू दे बापड्यांना. मी खिडकी लावून घेतो. आश्विनातलं ऊन तरीही पडद्याच्या फटीतून आत येतंच. पावसाळ्यानं धुऊन काढलेलं, दिसायला स्वच्छ आणि अंगाला चावरं. दुपारी सगळी बिल्डिंग ओस असते. कामावरचे चाकणला गेलेले, लेकरं शाळेत. सातव्या मजल्यावर मी एकटा, रिटायर झालेला क्वालिटीवाला, चहाचं पातेलं हातात घेऊन उभा. एकट्यापुरता चहा टाकायचा म्हणजे जिवावर येतं. कधी कधी मी दोन कप टाकतो आणि दोन्ही मीच पितो.

चाळीस वर्षं मी दुसऱ्यांच्या कामातल्या चुका काढल्या. बीड जिल्ह्यातून आयटीआय करून आलो तेव्हा भोसरीत खोली घेतली, शेवटची वीस वर्षं चाकणच्या एमआयडीसीत काढली. आजूबाजूला सगळे गाड्यांचे पार्ट करणारे. आमचं वर्कशॉप तेवढं वेगळं: आम्ही व्हॅक्यूमची कामं करायचो. ज्या भांड्यातली सगळी हवा काढून टाकायची, ती भांडी आणि त्यांच्या आत बसणारे भाग. माझा स्वभाव त्या कामाला बरोबर होता. खवचट, संशयी आणि चिवट. वेल्डर शफीकभाई म्हणायचे, "देवकर राव, तुम्ही पत्रिका बघायला बसला असता तर एकाचंही लग्न जमलं नसतं." मी हसायचो नाही, पण मला ते आवडायचं.

दसरा जवळ आला की मला एकच आश्विन आठवतो. चार वर्षांपूर्वीचा.

त्या वर्षी आमच्याकडे गुजरातेतल्या एका प्रयोगशाळेचं काम आलं. तिथं टोकामॅक आहे. टोकामॅक म्हणजे काय, ते मला माझ्या लेकीनं, स्वातीनं शिकवलं होतं, कारण ती तिथंच संशोधन करत होती. काम मात्र निविदेतून आलं. लेकीचा त्यात काडीचाही हात नव्हता. उलट आमचं नाव निघाल्याचं कळल्यावर ती घाबरली. "बाबा, नीट करा हं. लोक माझ्याकडे बघतील," असं तिनं फोनवर दोनदा सांगितलं. मी म्हटलं, माझ्यातला क्वालिटीवाला काय मेलाय का?

त्याआधीच्या उन्हाळ्यात मी तिच्याकडे गेलो होतो, तेव्हा तिनं मला कंट्रोल रूममध्ये नेलं होतं. मशीन पलीकडच्या हॉलमध्ये. आतून बघितलं तर मेदूवड्याच्या आकाराची एक पोकळ लोखंडी खोली, आणि तिच्याभोवती तांब्याची वेटोळी. त्या खोलीत हायड्रोजनची एक फुंकर सोडायची आणि तिला इतकं तापवायचं की तिचा वायूपणाच जातो. त्याला ते प्लाझ्मा म्हणतात. इतकी गरम गोष्ट कुठल्या भांड्यात ठेवणार? म्हणून तिला लोहचुंबकाच्या जोरावर मधल्यामध्ये अधांतरी धरून ठेवायचं, भिंतीला टेकू द्यायचं नाही. कधी तरी यातून वीज करता येईल, सूर्यात चालतं तसंच, असं तिनं सांगितलं. सगळे गप्प झाले, कुणी तरी उलटे आकडे मोजले आणि पडद्यावर क्षणभर गुलाबी उजेड उमटला. झालं. मी म्हटलं, एवढंच? एवढ्यासाठी एवढी माणसं?

"नीट बघा बाबा," ती म्हणाली आणि तेच चित्र तिनं सावकाश लावलं. गुलाबी उजेड नुसता कडेला होता. मध्ये अंधार. "मध्ये सगळ्यात जास्त तापलेलं असतं, म्हणून तिथं आपल्याला काही दिसतच नाही. दिसते ती थंड पडलेली कड." मग ते चित्र थरथरलं, एका बाजूला कललं आणि विझलं. "हे बघा, डगमगला. त्याला तापवणं जमतं हो. शांत ठेवणं जमत नाही."

तिचं सगळं काम त्या डगमगण्याच्या आधीच्या क्षणावर होतं. डगमगायला लागायच्या किंचित आधी कडेनं वायूची एक बारीक फुंकर द्यायची, म्हणजे तो सावरेल आणि जास्त वेळ टिकेल, असं तिचं म्हणणं होतं. गणित झालं होतं, वरिष्ठांनी मान डोलावली होती. आता मशीनवर करून दाखवायचं होतं. मशीन एक आणि संशोधक पंधरा, म्हणून प्रत्येकाला मोजके दिवस मिळायचे. तिला हिवाळ्यातले दिवस मिळाले होते. त्या दिवसांसाठी ती पाच वर्षं थांबली होती.

आम्हाला करायच्या होत्या त्या मशीनच्या आत बसणाऱ्या स्टीलच्या प्लेटा. त्यांच्या पुढच्या बाजूला ग्रॅफाइटच्या फरशा स्क्रूनं बसवायच्या. प्लाझ्मा कधी घसरलाच तर तो त्या फरशांना टेकतो. तिथं किंचितही घाण चालत नाही. कारण त्या उष्णतेनं घाण उडते, प्लाझ्मात शिरते, त्याची ऊब खाऊन टाकते, आणि मग तो थंड पडून डगमगतो. तेलाचा ओशटपणा, घाम, बोटाचा ठसा, काहीच नको. आम्ही त्या प्लेटा धुतल्या, पुन्हा धुतल्या, भट्टीत शेकल्या. ॲसिटोनच्या वासानं नाक बधिर व्हायचं. पांढरी टोपी, तोंडाला फडकं, हातात मोजे. शफीकभाई म्हणाले, "राव, हा जॉब आहे का नवी नवरी? बघायची पण हात लावायचा नाही."

स्वातीची आई जाऊन त्या वेळी दोन वर्षं झाली होती. घरात मोजे न घालताही मी कशाला फारसा हात लावत नव्हतो. तिचं कपाट तसंच, देव्हारा तसाच. गणपतीला स्वाती चार दिवस आली होती. निघताना बॅग उचलून दाराशी गेली आणि उंबऱ्याजवळ थांबली, मान किंचित पुढे करून. लहानपणापासूनची सवय. घराबाहेर पडताना आई तिला हळदकुंकू लावायची. हॉस्टेलला जाताना लावायची, परीक्षेला जाताना लावायची, आणि पोरगी कितीही घाईत असली तरी कपाळ पुढे करून उभी राहायची. त्या दिवशी ती अशी उभी राहिली, मग तिच्या लक्षात आलं आणि ती हसली. "येते बाबा," म्हणाली. मी नुसता उभा. हळदकुंकू लावायचं ते बायकांनी बायकांना. बापानं लावावं, असं आमच्यात नाही. लावलं असतं तर काय आभाळ कोसळलं असतं? पण माझा हात उठला नाही. लिफ्टचं दार लागल्यावर मी आत येऊन रडलो.

खंडेनवमीला आमच्याकडे सगळी मशीनं धुऊन पुसून पूजेला मांडतात. लेथ, मिलिंग, वेल्डिंगचा सेट, माझं मायक्रोमीटर, सगळ्यांना कुंकू लागतं, फूल लागतं. आणि त्या दिवशी जो माल बाहेर पडतो, त्यालाही एक बोट लावल्याशिवाय गाडीत चढवत नाहीत. गाड्यांच्या पार्टाला लावलं तर कुणाचं काय बिघडतं? पूजेचं कुंकू दरवर्षी मी घरून न्यायचो. आळंदीच्या दुकानातलं, हळदीला चुना घालून केलेलं, कारण बाजारच्या रंगाच्या कुंकवानं स्वातीच्या आईच्या कपाळाला पुरळ यायचं. ती असताना कागदाची पुडी बांधून द्यायची. त्या वर्षी पुडी बांधायचं सुचलं नाही. मी तिचा हळदकुंकवाचा करंडाच खिशात घालून नेला.

प्लेटा त्याच दिवशी निघायच्या होत्या. बाहेर आरतीची तयारी चाललेली, सगळे मोठ्या मशीनपाशी जमलेले. पॅकिंगच्या स्वच्छ खोलीत मी एकटा. शेवटची प्लेट प्लास्टिकमध्ये घालायची राहिली होती. मी तिच्याकडे बघत होतो आणि मला वाटलं, ही स्वातीकडे चाललीये. आठवड्याभरात तिच्या हाताशी असेल. मला जाता येत नाही, तिच्या आईला तर नाहीच नाही. आणि मी उजव्या हाताचा मोजा काढला. चाळीस वर्षांत कुणी असं करताना दिसलं असतं तर मी त्याला गेटाबाहेर काढलं असतं. मी करंडा उघडला, प्लेट उलटी केली आणि तिच्या पाठीला हळद लावली, कुंकू लावलं. पाठीला अशासाठी, की ती बाजू कुणाला दिसत नाही.

मग भानावर आलो. अल्कोहोलची बाटली पलीकडच्या खोलीत राहिली होती आणि प्लेट न्यायला माणसं येत होती. मी कोरड्या फडक्यानं पुसलं. घासून घासून पुसलं. दिव्याखाली तिरकं धरून बघितलं, डोळ्यांना काही दिसलं नाही. स्क्रूच्या भोकात काय गेलं ते दिसणारच नव्हतं. प्लेट सील झाली. सोबतच्या कागदावर लिहिलेलं होतं, 'साफसफाईनंतर उघड्या हाताचा स्पर्श झालेला नाही,' आणि त्याखाली मी सही केली. बाहेर येऊन आरतीत टाळ्या वाजवल्या. खरं सांगू, त्या दिवशी मला फार बरं वाटत होतं.

जानेवारीत एका सकाळी तिचा फोन आला. एरवी ती रविवारी करायची. तो मंगळवार होता. आवाज दबका. तिचे मशीनवरचे दिवस सुरू झाले होते आणि प्लाझ्मा नीट तापतच नव्हता. तापतोय तोवर डगमगायचा आणि विझायचा. त्यातून येणारा उजेड त्या लोकांना वाचता येतो; कुठल्या पदार्थाची कुठली रेषा ते ठरलेलं असतं. तिला कॅल्शियमची रेषा दिसत होती.

"कॅल्शियम कुठनं येईल बाबा? सगळे म्हणतात धुण्याच्या पाण्यातून आलं असेल, सिमेंटची धूळ असेल. पण मी पहिल्यांदा बघितलं ना, तेव्हा माझ्या मनात एकदम आलं... एक विचारू? रागावू नका. काल मीटिंगमध्ये मी नव्या प्लेटांवर संशय आहे असं बोलून बसले. संशय का आला ते नाही सांगितलं कुणाला. प्लेटा खंडेनवमीला निघाल्या होत्या ना? आपल्या कुंकवात चुना असतो, म्हणजे कॅल्शियमच. तुम्ही कुंकू लावलं होतं का?"

नाही, असं मी म्हणालो.

एवढ्यावर थांबलो असतो तरी चाललं असतं. पण ज्याच्या मनात चोर असतो तो जास्त बोलतो. मी तिच्यावर चिडलो. चाळीस वर्षं या कामात केस पांढरे झाले, बापाला एवढी अक्कल नाही असं वाटतं तुला, चार बुकं काय शिकलीस, असलं काहीबाही बोलत सुटलो. माझा आवाज इतका चढला की शेजारच्या काकूंनी दार उघडून बघितलं. स्वाती म्हणाली, "सॉरी बाबा. मी विचारायलाच नको होतं."

पुढचं मला तुकड्यातुकड्यानं कळलं, दर रविवारच्या पाच मिनिटांत. तिनं दुसऱ्या दिवशी मीटिंगमध्ये उभं राहून सांगितलं की आपलं वाचन चुकलं, प्लेटा स्वच्छ आहेत, दुसरीकडे शोधा. ते दुसरीकडे शोधत राहिले. पंप उघडले, नळ्या बदलल्या. त्यात आठवडे गेले आणि तिचे दिवसही गेले. मशीन पुन्हा पुन्हा शेकून, आतल्या भिंती धुऊन ती रेषा हळूहळू आपोआप पुसट झाली. कारण सापडलं नाही, असं त्यांनी नोंदवलं. उन्हाळ्यात स्वातीनं सांगितलं की ती प्रयोगाकडून आकडेमोडीकडे गेली आहे. आता बंगळूरला असते, कॉम्प्युटरवर प्लाझ्मा चालवते. "बरं आहे बाबा," म्हणाली, "इथं कशाला हात लावावा लागत नाही."

त्यानंतर ती दसऱ्याला आली नाही, गणपतीलाही नाही. दिवाळीत एक दिवस येते, पाहुण्यासारखी. स्वयंपाकघरात पाणी घ्यायलासुद्धा विचारते. मी मनाशी पक्कं केलं होतं की तिला कळलंय. पोरगी हुशार, ज्या डोळ्यांनी सूर्याइतक्या तापलेल्या वायूतली घाण ओळखली, त्या डोळ्यांना बापाचं खोटं नाही का दिसणार? कळलंय आणि माझी लाज राखायला ती बोलत नाही, असं मी धरून चाललो. म्हणून मीही बोललो नाही. चार वर्षं आम्ही हवापाण्याच्या गप्पा मारल्या. पुण्यात पाऊस आहे का, बंगळूरला थंडी पडली का. फोन ठेवल्यावर मी बराच वेळ त्या काळ्या पडद्याकडे बघत बसायचो. सोसायटीत रोज संध्याकाळी म्हातारे कट्ट्यावर जमतात, लेकीसुनांच्या गोष्टी सांगतात. मी त्यांच्यात बसत नाही. कुणी विचारलं, "तुमची काय करते हो?" तर काय सांगू? माझ्यापायी जे करायचं होतं ते करत नाही, हे सांगू?

परवा खंडेनवमी झाली. जुन्या लोकांना वर्कशॉपमध्ये बोलावतात, म्हणून गेलो. बसमधून उतरल्यावर चाकणच्या रस्त्यावरची ती धूळ, ट्रेलरांची रांग, सगळं तेच. माझ्या जागेवर आता प्राजक्ता नावाची मुलगी क्वालिटी बघते. तिशीची असेल, बोलायला चुरचुरीत. तिनं मला आतली खोली दाखवली. दाराबाहेर जमिनीवर पिवळी पट्टी आखली आहे आणि पूजेचं ताट त्या पट्टीच्या आत न्यायचं नाही, असा तिचा हुकूम आहे. "कुंकू फक्त बाहेरच्या लाकडी खोक्याला. शफीकचाचासुद्धा मला घाबरतात," ती म्हणाली. शफीकभाई हसले आणि मान हलवली. मग तिनंच ताट माझ्यासमोर धरलं. "तुम्ही सगळ्यात मोठे. तुम्ही लावा, मामा."

खोक्यावर पत्ता गुजरातचा नव्हता, दुसराच कुठला तरी होता. तरी माझं बोट कुंकवात गेलं आणि तिथंच राहिलं. लोक वाट बघत होते. शफीकभाईंनी हळूच विचारलं, "राव, बरं वाटत नाही का?" मी ताट त्यांच्या हातात दिलं आणि तोंड धुवायचं निमित्त करून बाहेर पडलो. निरोपसुद्धा घेतला नाही. बोट तसंच लाल घेऊन बसमध्ये बसलो.

घरी आल्याआल्या तिला फोन लावला. दुपारचे तीन, ती ऑफिसमध्ये. घाबरूनच उचलला तिनं.

"काय झालं बाबा? बरे आहात ना?"

"स्वाती, त्या प्लेटला मीच कुंकू लावलं होतं."

पलीकडे कुणी तरी बोलत होतं, मग दार लागल्याचा आवाज आला आणि शांत झालं.

"कुठं लावलं होतं?"

"शेवटच्या प्लेटला. मागच्या बाजूनं. तुझ्या आईच्या करंड्यातलं. तू गणपतीला दारात थांबलीस, तेव्हा मला काही करता आलं नाही, म्हणून..."

"पुसलं होतं?"

"कोरड्या फडक्यानं."

"स्क्रूच्या भोकांपाशी?"

"हो. अगदी जवळ."

मीच पुढं बोललो, कारण गप्प बसायची माझी चार वर्षं संपली होती. "तुला माहीतच होतं ना सगळं? म्हणून तर तू येत नाहीस. बरोबर आहे तुझं. मी तुला काही म्हणत नाही."

"मला नव्हतं माहीत," ती म्हणाली. "तुम्ही नाही म्हणालात, मग नाही. मी परत विचारसुद्धा केला नाही त्याचा. बाबा, मी यायचे नाही कारण मला तुमची लाज वाटायची. तुमची म्हणजे... तुमच्यासमोर यायची. आई नाही, तुम्ही एकटे, आणि मी फोन करून तुमच्यावर आळ घेतला. तुम्हाला किती लागलं असेल म्हणून ओरडलात, ते माझ्या कानात असायचं."

मी लाल बोट शर्टाला पुसलं.

"आणि त्यानंतर मी मशीनवर बसलेच नाही," ती सांगत होती. "मला वाटलं, मला घरची आठवण येत होती म्हणून त्या रेषेत कुंकू दिसलं. आईची आठवण येत होती म्हणून दिसलं. ज्या माणसाला आकड्यांत आपल्याच मनातलं दिसतं, त्यानं या कामात पडू नये ना? म्हणून सोडलं मी. मी सगळ्यांना सांगितलं की माझं वाचन चुकलं."

मी तिची माफी मागितली. शब्द काय होते ते आठवत नाही. धड वाक्यं नव्हतीच. ती ऐकत होती की नाही, कोण जाणे. ती रडत होती, आणि मधूनच तिला हसू येत होतं, आणि त्या हसण्यानं मला जास्त भीती वाटत होती.

"म्हणजे मी बरोबर वाचलं होतं," ती म्हणाली. मग पुन्हा, अगदी हळू, जणू मला खात्री करून घ्यायला विचारत होती. "बाबा, मला वाचता येत होतं."

"हो," मी म्हणालो.